काळ्या दगडातले पांढरे ठिपके आणि वाढणारा पीएच

मुंबईच्या नळाच्या पाण्यात निऑन टेट्रा हे छोटे मासे पाळले आहेत, नदीपात्रातले काळे दगड मांडल्यापासून पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे दाखवणारा आकडा) ८ च्या वर जातो आणि पाणी बदलूनही काही दिवसांत पुन्हा तिथेच येतो, असे आपण लिहिले आहे. हा त्रास मी पुरेपूर भोगलेला असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो. दगड घासून धुणे वगैरे आपण केलेच असेल.

काळा बेसाल्ट टाकीसाठी निर्धोक, हे सर्वसाधारणपणे खरे आहे. परंतु दख्खनचा लाव्हा थिजताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि कालांतराने त्या गारगोटी, झिओलाइट, कॅल्साइट अशा खनिजांनी भरल्या. यांपैकी कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, संगमरवरात आणि शहाबादी फरशीत असते तेच. ते पाण्यात विरघळले की पीएच चढतो आणि कॅल्शियममुळे पाणी जड होते. आपल्या दगडांवर पांढरे ठिपके असतील तर ते पोलादी सुरीने ओरखडून पाहावेत. गारगोटीवर चरा उठत नाही. कॅल्साइटवर सहज उठतो. झिओलाइटवरही उठत असल्यामुळे पुढची परीक्षा आम्लाचीच. व्हिनेगर फार सौम्य असते आणि सच्छिद्र दगडातून साध्या पाण्यानेही हवेचे बुडबुडे येतात, म्हणून दगड आधी भिजवून घ्यावा आणि मगच थेंब टाकून फेस येतो का ते पाहावे. फेस आला नाही तरी माझा त्यावर पूर्ण भरवसा नाही. एका बादलीत दगड आणि दुसरीत नुसते तेच पाणी ठेवून दोन आठवड्यांनी दोन्हींचे जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) आणि केएच (कार्बोनेटांमुळे येणारा जडपणा) मोजणे, हाच मला खात्रीचा मार्ग वाटतो. (मी भूवैज्ञानिक नाही, हौशी मत्स्यपालक आहे.)

माझे सर्वाधिक नुकसान झाले ते दगडापेक्षा एका दुकानातल्या सल्ल्यामुळे. दगडाची चौकशीही न करता तिथे पीएच उतरवणारे द्रावण माथी मारण्यात आले, आणि पीएच पुन्हा चढल्याची तक्रार केली की मात्रा वाढवण्यास सांगण्यात येई. आम्ल घातल्यावर पीएच उतरतो खरा, पण तेच आम्ल कॅल्साइट अधिक विरघळवते. त्यामुळे पीएच परत चढतो आणि प्रत्येक खेपेस पाण्याचा जडपणा आणखी वाढलेला असतो. मासे मरतात ते बहुधा या चढउतारानेच. अशी बाटली विकणाऱ्याने टाकीत कोणता दगड आहे एवढे तरी विचारावे, ही अपेक्षा अवाजवी नसावी.

‘माझ्याकडे हाच दगड चालतो’ असे कोणी सांगितल्यास त्यांचे पाणी बोअरवेलचे आहे का, ते विचारा. आधीच जड असलेल्या पाण्यात कॅल्साइट फारसे विरघळत नाही. मुंबईच्या मऊ पाण्यात मात्र ते विरघळतच राहते. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या सिक्लिड माशांना असे जड पाणी मानवते, टेट्रांना नाही.

संशयित दगड काढल्यावर सगळे पाणी एकदम बदलू नये, कारण मासे आता त्या जडपणाला सरावलेले असतील; दर दोन-तीन दिवसांनी साधारण दहावा हिस्सा बदलत जावे.