‘तुमच्यात’ म्हणजे कोणात?

प्रिय मावशी,

मी ३७ वर्षांची आहे. चौदा वर्षांपासूनची एक जिवलग मैत्रीण आहे. पहिल्या नोकरीत आम्ही शेजारी शेजारी बसायचो, तिथली ओळख. आमचे धर्म वेगळे, पण त्यावरून कधी काही बिनसलं नाही. माझं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा ती रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून प्रार्थना करत होती, इतकी जवळची.

दोन वर्षांपूर्वी मी धर्मावरच्या एका ऑनलाइन चर्चागटात सामील झाले. सगळ्या धर्मांचे आणि कुठलाच धर्म न मानणारे लोक तिथे आहेत. नियम स्पष्ट आहेत: दावा केला की आधार द्यायचा, आणि टीका विचारावर करायची, व्यक्तीवर नाही. मी तिथे खूप शिकले. तिच्या धर्माचा तर माझा अभ्यास आता तिच्यापेक्षा जास्त असेल. कोण काय मानतं आणि का मानतं हे कळल्यामुळे मी पूर्वीपेक्षा सहिष्णू झाले आहे, असं मला मनापासून वाटतं.

मैत्रीण मात्र बदलली. गटातलं काही चांगलं पाठवलं तर उत्तर देत नाही. धर्माचा विषय निघाला की गप्प होते. एप्रिलमध्ये तिचे वडील गेले, त्या आठवड्यात भेटायला गेले होते तेव्हा म्हणाली, प्रार्थनेमुळे मी उभी आहे; त्यावरही मी फक्त एवढंच विचारलं की तुमच्यात याला आधार काय देतात. ‘मला नाही माहीत गं,’ म्हणाली आणि आत आईकडे गेली. तेव्हापासून ‘हो’, ‘बरं’, ‘बघू’ एवढंच.

प्रश्न विचारणं म्हणजे अपमान नाही, हे तिला कसं पटवून देऊ? की श्रद्धाळू माणसांशी मोकळी मैत्री होऊच शकत नाही असं समजून हा विषय संपवू?

तुझी एक वाचक

*

तू मला मावशी म्हटलंस, म्हणून मीही ‘तू’च म्हणते. तुझं पत्र चार पानांचं होतं, वर थोडक्यात छापलं आहे. तुम्हा दोघींचे धर्म कोणते हे तू लिहिलं होतंस, ते मी मुद्दाम काढलं. ते छापलं असतं तर निम्मे वाचक तुझ्या बाजूने आणि निम्मे तिच्या बाजूने वाचायला बसले असते. मला ज्याबद्दल बोलायचं आहे, ते मग कोणाच्या नजरेलाच पडलं नसतं.

मला एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. ‘तुमच्यात’.

चार पानांतली अडीच पानं गटावर आहेत. तिथले नियम, तिथे तू जिंकलेले वाद, तिथे वाचलेले ग्रंथ. तिचे वडील गेले याला एक वाक्य, आणि त्या वाक्यातही तक्रार अशी की तिला उत्तर देता आलं नाही. मी ते वाक्य तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मला तुझा राग आला, हे लपवत नाही.

चौदा वर्षं तू तिला ‘तू’ म्हणत आलीस. वडील जाऊन आठवडा झाला नव्हता आणि तिच्यासमोर बसून तू म्हणालीस ‘तुमच्यात’. त्या खोलीत कोण होतं गं? ती होती आणि तू होतीस. ‘तुम्ही’ म्हणावं असं तिसरं कोण तिथे बसलं होतं? दोन वर्षं तू ज्यांच्याशी वाद घातलास ते सगळे बसले होते. त्यांना तू बरोबर घेऊन गेली होतीस. ती बिचारी एकटी होती.

एरवी हा शब्द साधा आहे, मला मान्य आहे. कुतूहलाने आपण तो सहज वापरतो आणि कोणाला काही वाटत नाही. समोरचं माणूस ‘मी’ म्हणून काही सांगत असताना तो लागतो. ती म्हणाली, प्रार्थनेमुळे मी उभी आहे. ती तिच्या धर्माची बाजू मांडत नव्हती. तुला काही पटवून देत नव्हती. आपले पाय कशावर टेकले आहेत, एवढंच तिने जिवाच्या मैत्रिणीला सांगितलं. तू ते एका मोठ्या समूहाचं म्हणणं म्हणून ऐकलंस आणि त्या समूहाला प्रश्न विचारलास. समूहाच्या वतीने उत्तर द्यायला ती तिथे नव्हतीच. ‘मला नाही माहीत गं’ हे तिचं उत्तर अगदी खरं होतं, आणि त्यातला तो ‘गं’ बघ. तिने तेव्हाही तुझ्याशी मैत्रिणीसारखंच बोलायचं सोडलं नव्हतं.

आणि मागितलंस काय, तर आधार. तुझ्या गटात या शब्दाचा एकच अर्थ उरला आहे: ग्रंथ, पान, ओळ. पण बाप गेलेली मुलगी घरात बसून आधाराबद्दल बोलते, तेव्हा ती कोणत्या आधाराबद्दल बोलते हे मराठीत तुला सांगावं लागतं का? ती सांगत होती की मला आधार मिळाला. तू म्हणालीस, आधार दे.

तू दुष्ट नाहीस. तुझा गटही वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्यांच्या घरात साधी शंका काढायची सोय नसते, अशा कितीतरी माणसांना असल्याच जागी पहिल्यांदा मोकळा श्वास मिळतो, आणि त्यांच्या जिवाला त्याचं मोल फार असतं. पण तुला तिथे जी सवय लागली ती नीट बघ. तिथे माणूस दिसतच नाही. दिसतं एक नाव, एक बारीकसं चित्र आणि एक दावा. त्याचा आवाज ऐकू येत नाही. ते वाक्य लिहिताना तो कसा बसला होता, घरी कोण आजारी होतं, काही कळत नाही. म्हणून जो येतो तो आपल्या धर्माचा वकील होऊन येतो आणि समोरचाही त्याला वकील म्हणूनच वागवतो. कोणी स्वतःच्या बाबांबद्दल काही लिहिलंच, तर खाली कोणीतरी लिहितं की हा वैयक्तिक अनुभव झाला, पुरावा नाही. वादाच्या जागी ते बरोबरही असेल. पण दोन वर्षं रोज तेच वाचून कानाला वळण लागतं. ‘वैयक्तिक’ हा शब्द कमी किमतीचा वाटायला लागतो. मैत्रीत तर सगळं वैयक्तिकच असतं.

आणि तिथे तुला कोण भेटलं, हाही प्रश्न आहेच. अलेक्झांडर बोर आणि मायकेल बँग पीटरसन या दोन अभ्यासकांचं काम २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या लोकांच्या राजकीय वादांचा अभ्यास केला. एरवी सौम्य असलेला माणूस पडद्यामागे गेला की राक्षस होतो, असं आपल्याला वाटतं. त्यांना दिसलं ते वेगळं: जे ऑनलाइन आक्रमक असतात ते समोरासमोरही तसेच असतात. फरक इतकाच की ऑनलाइन त्यांचं वागणं सगळ्यांना दिसतं. अभ्यास राजकारणाचा होता, पण धर्माचा वाद याहून निराळा चालत असेल असं मला वाटत नाही. तुझ्या मैत्रिणीच्या धर्माची माणसं आपण दोन वर्षं जवळून पाहिली, असं तू समजतेस. तू त्यातली वादाला उत्सुक असलेली माणसं पाहिलीस. तिच्यासारखी, बाकावर बसून रात्र काढणारी माणसं असल्या गटात फिरकत नाहीत, आणि फिरकली तरी एक शब्द लिहीत नाहीत.

तू लिहितेस की सगळ्या धर्मांची माणसं एकत्र आली म्हणून मी सहिष्णू झाले. गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच सांगून ठेवलं की वेगळ्या गटांतली माणसं नुसती एकत्र आणून मनातली अढी जात नाही. त्याने अटी घातल्या: दोघांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, त्यासाठी एकमेकांना मदत करावी लागायला हवी, आणि वरच्यांची त्याला संमती हवी. आता तुझा गट या अटींवर तपासून बघ. दर्जा सारखा असेल. नियम आहेत म्हणजे संमतीही असेल. पण एक ध्येय? एकमेकांना मदत? तिथे एकाची सरशी म्हणजे दुसऱ्याची हार. आणि आता पहिल्या नोकरीतल्या त्या शेजारच्या दोन खुर्च्या आठव. दर्जा एक, काम एक, एकीचं अडलं की दुसरी धावणार, आणि वरिष्ठांनी स्वतःच तुम्हाला शेजारी बसवलेलं. ऑलपोर्टच्या चारही अटी तिथे पुऱ्या होत होत्या आणि तुम्हा दोघींना त्याची खबरही नव्हती. तेव्हा तिच्या धर्माबद्दल तुला फारसं काही माहीत नव्हतं. त्या अज्ञानात पहिली बारा वर्षं सुखाची गेली.

एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते, तीही सांगते. सल्मा मूसा या संशोधिकेने इराकमध्ये एक प्रयोग केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आयसिस या दहशतवादी संघटनेमुळे घरदार सोडावं लागलेल्या ख्रिश्चन खेळाडूंच्या फुटबॉल संघांपैकी काहींमध्ये मुस्लिम खेळाडू घातले. एकत्र खेळून खरंच फरक पडला. त्या संघांतले ख्रिश्चन खेळाडू पुढेही मुस्लिमांबरोबर सराव करत राहिले, पुढच्या हंगामात मिश्र संघात नाव द्यायला तयार झाले. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांपर्यंत तो विश्वास तितका पोचला नाही. मोसुल या मुस्लिमबहुल शहरातल्या उपाहारगृहात जायला ते इतरांपेक्षा जास्त राजी झाले, असं दिसलं नाही. म्हणजे ओळखीच्या माणसाबद्दलचा चांगुलपणा अनोळख्यांपर्यंत इतका कष्टाने जातो. आणि तुझ्याकडे काय झालं? अनोळख्यांबद्दलची कटुता थेट ओळखीच्या माणसावर येऊन बसली, तीही कोणी न बसवता. चौदा वर्षांची मैत्रीण, तिला तू अनोळख्यांच्या मापाने मोजलंस.

आता तू म्हणशील, मग गट सोडते. सोड किंवा राहा. मला त्यात फारसं स्वारस्य नाही, आणि ‘गट सोडला’ हे पाऊल उचलून तू खरं काम टाळशील अशी मला भीती आहे. बोस्निया-हर्झगोविनात जुलै २०१९ मध्ये, स्रेब्रेनित्सात १९९५ मध्ये झालेल्या मुस्लिमांच्या हत्याकांडाच्या स्मरणदिनाच्या सुमारास, अभ्यासकांनी काही लोकांना आठवडाभर फेसबुक बंद ठेवायला सांगितलं. तिथे वांशिक गट बहुतांशी धर्मानेच ओळखले जातात: मुस्लिम, ऑर्थोडॉक्स, कॅथलिक. अपेक्षा अशी की द्वेषाचा मजकूर डोळ्यांआड गेला की मन निवळेल. झालं उलटं. ज्यांनी बंद ठेवलं त्यांचं दुसऱ्या गटांबद्दलचं मत आणखी वाईट निघालं, आणि ज्यांच्या भोवती प्रत्यक्षातही आपल्याच गटाची माणसं होती त्यांच्यात हे जास्त दिसलं. पडदा बंद केल्यावर ते शेवटी आपल्याच माणसांत जाऊन बसले. तू गट सोडून कुणाकडे जाणार आहेस, ते महत्त्वाचं.

‘प्रश्न विचारणं म्हणजे अपमान नाही हे तिला कसं पटवू’ असं तू विचारतेस. पटवू नकोस. पटवण्याची ही खुमखुमीच तू तिथून घेऊन आली आहेस. प्रश्नाला माझी हरकत नाहीच. तिच्या धर्माचा तुझा अभ्यास तिच्यापेक्षा जास्त असेलही. मग मला एक सांग, ऑपरेशनच्या रात्री त्या बाकावर बसून ती काय म्हणत होती? कोणत्या शब्दांत, कुणाकडे, तुझं नाव घेऊन की नुसती डोळे मिटून? तुझ्या चार पानांत हे कुठेच नाही. दोन वर्षं तू इतके प्रश्न विचारलेस, हा एक विचारला नाहीस, आणि याचं उत्तर जगातल्या कुठल्याही ग्रंथात नाही.

‘श्रद्धाळू माणसांशी मोकळी मैत्री होऊच शकत नाही का’, यावर मी शाई खर्च करणार नाही. चौदा वर्षं होती ना.

तिच्याकडे जा. या शनिवारी जा. मेसेज लिहू नकोस. तू लिहायला बसलीस की मुद्दे मांडशील, मी तुझं पत्र वाचलंय. फोनवरही नको. तिच्यासमोर बस आणि म्हण, ‘बाबा गेले त्या आठवड्यात मी तुला ‘तुमच्यात’ म्हणाले. चुकलं माझं. प्रार्थनेमुळे उभी आहेस म्हणालीस आणि मी तुला मध्येच तोडलं. पुढचं सांग.’ एवढंच. आपण तसं का म्हणालो, हेतू काय होता, गटात हे कसं चालतं, यातलं एक अक्षर बोलू नकोस. आणि ती जे सांगेल ते त्या गटात कोणाला कळता कामा नये, नाव बदलूनसुद्धा नाही.

कदाचित ती लगेच बोलणार नाही. चार महिने तिने ‘बरं’ आणि ‘बघू’वर काढले आहेत, एका वाक्याने ते पुसलं जाईल अशी आशा धरू नकोस. ती उठून आत गेली तर बसून राहा. तिची आई बाहेर आली तर तिच्याशी बाबांबद्दल बोल, तूही त्यांना ओळखत असशील. मैत्रीण परत येऊन बसली आणि बोलायला लागली, की तिचं संपेपर्यंत तोंड उघडू नकोस.

मावशी