एक्लिप्समध्ये (कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमएल फाइल उघडताच एडिटर अडकतो, काय करावे?

फाइलवर राइट क्लिक करून 'ओपन विथ' मधून 'टेक्स्ट एडिटर' निवडा, काम लगेच सुरू होईल. त्या फाइलपुरती ही निवड एक्लिप्स लक्षातही ठेवते. अडकण्याचे कारण असे की एक्लिप्सचा एक्सएमएल एडिटर फाइल नुसती दाखवत नाही. प्रत्येक टॅगचे झाड मेमरीत उभे करतो आणि तुम्ही टाइप करत असतानाच तपासणीही चालवतो. त्यामुळे फाइल काही एमबींची असली की मेमरी तिच्या आकाराच्या कितीतरी पट लागते.

फाइल लहान असूनही एडिटर थांबत असेल, तर वरच्या ओळींमधला स्कीमा किंवा डीटीडीचा (फाइलमध्ये कोणते टॅग कुठे चालतात हे सांगणाऱ्या नियमावलीचा) पत्ता बघा. तो इंटरनेटवरचा असेल आणि ऑफिसच्या प्रॉक्सीमुळे (इंटरनेटच्या वाटेवरच्या मधल्या सर्व्हरमुळे) तिथपर्यंत पोहोचता येत नसेल, तर एडिटर उत्तराची वाट पाहत बसतो. अशा वेळी टेक्स्ट एडिटर ही तात्पुरती मलमपट्टी ठरते. खरा उपाय म्हणजे स्कीमाची प्रत डिस्कवर उतरवून घेणे आणि प्रेफरन्सेसमधल्या 'एक्सएमएल कॅटलॉग'मध्ये (कोणत्या पत्त्याऐवजी कोणती प्रत वापरायची, या यादीत) तिची नोंद करणे. मग तपासणी आणि टॅगच्या सूचना दोन्ही शाबूत राहतात.

एक मात्र सांभाळा: साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये न मिटलेला टॅग कोणी दाखवून देत नाही. म्हणून कमिट करण्याआधी, म्हणजे बदल प्रोजेक्टमध्ये नोंदवण्याआधी, फाइल टर्मिनलवर एक्सएमएललिंट या एक्सएमएल तपासणाऱ्या कमांडने तपासून घ्या, विशेषतः मेव्हन या बिल्ड करणाऱ्या साधनाची पॉम (प्रोजेक्टच्या सेटिंगची) फाइल असेल तर; तिथे एक टॅग चुकला तरी सगळा बिल्ड बंद पडतो.