पाय बाहेर आले म्हणजे सीट लहान झाली का?

प्रश्न: ताई, आमचं पिल्लू 9 महिन्यांचं, वजन साडेनऊ किलो. कार सीटवर 13 किलोपर्यंत लिहिलंय पण पाय पार बाहेर लोंबतात, सासूबाई म्हणतात पोराचे पाय अवघडतायत, आता पुढे तोंड करून बसव. काय करू? - एक आई, पुणे

उत्तर: अगं, पाय सोड, डोकं बघ! पाय बाहेर आले, मागच्या सीटला टेकले तरी काही बिघडत नाही, पोरं मस्त मांडी घालून बसतात. बहुतेक बाळांची सीटच्या वजनाची मर्यादा संपायच्या आधी उंचीची मर्यादा संपते, म्हणून बाळाला नीट टेकवून बसव आणि डोक्यावर सीटची किती कड उरलीय ते बघ, अमेरिकन सीट असेल तर साधारण 1 इंच उरायलाच हवी, बाकी कंपन्यांचं मॅन्युअलमध्ये असतं ते वाच (ते आपण कधी उघडतच नाही, ते सोड). दुसरं म्हणजे पट्टे. मागे तोंड असताना ते खांद्याच्या बरोबरीने किंवा जरा खालून यायला हवेत, सगळ्यात वरच्या खाचेत घालूनही खांदे बरेच वर जात असतील तर सीट संपली का ते मॅन्युअलमध्ये बघ.

आणि संपली तरी बाळ लगेच पुढे फिरवायचं नाही हं, मोठी कन्व्हर्टिबल सीट (मागे आणि पुढे, दोन्हीकडे तोंड करून लावता येते ती) घ्यायची आणि तीही मागे तोंड करूनच लावायची. युरोपच्या आय-साइज या कार सीटच्या सुरक्षा नियमात 15 महिन्यांच्या आधी पुढे तोंड चालतच नाही. बाळाची मान नाजूक, डोकं जड, समोरून धडक बसली की मागे तोंड असलेल्या बाळाची पाठ, मान, डोकं सगळं सीट झेलते. सासूबाईंना हेच सांग.