शिसं नंतर रचा, आधी लेन्सचं झाकण लावा

टोकामॅकमध्ये (अतितप्त प्लाझ्मा चुंबकांनी कोंडणाऱ्या संलयन यंत्रात) ड्युटेरियमचा, म्हणजे न्यूट्रॉन सोडणाऱ्या जड हायड्रोजनचा, शॉट सुरू झाला की प्लाझ्मावर रोखलेल्या कॅमेऱ्यात फ्रेमभर पांढरे ठिपके, कॅमेऱ्याभोवती शिसं रचूनही फरक नाही, आणि आता मीडियन फिल्टर मारून मूळ फ्रेम पुसून टाकायचा तुमचा बेत. बाकी काहीही करा, ते पुसणं तेवढं टाळा.

तीन फ्रेमांचा मीडियन, म्हणजे प्रत्येक पिक्सेलची मधली किंमत, एकाच फ्रेममध्ये दिसलेलं सगळंच पुसतो. न्यूट्रॉनचा ठिपका जातो, तशीच यंत्राच्या भिंतीवरची क्षणिक ठिणगीही जाते. आम्हाला सगळ्यात महाग पडली ती हीच चूक. साठवणुकीचा कोटा सांभाळणाऱ्या विभागाला कच्चा डेटा म्हणजे अडगळ वाटायची. वर जेपेगछाप कॉम्प्रेशन! त्यात एका पिक्सेलचा काटा ८×८ च्या चौकटीभर पसरतो आणि मग तो नीट निघतच नाही. डिस्क पुन्हा विकत मिळते, शॉट नाही. फिल्टर लावायचाच तर नकलेवर लावा आणि कुठले पिक्सेल बदलले त्याची वेगळी नोंद ठेवा.

आता झाकण लावून एक पूर्ण शॉट घ्या. शॉटआधी अंधारात घेतलेल्या डार्क फ्रेमपेक्षा जास्त जे दिसेल ते न्यूट्रॉन-गॅमासारख्या किरणांचं. ती डार्क फ्रेम वजा केल्याने फक्त हॉट पिक्सेल, म्हणजे अंधारातही कायम उजळ राहणारे, जातात. ठिपके न्यूट्रॉन मोजणीबरोबर चढत-उतरत असतील तर प्रश्न मिटला. डिसरप्शनलाच, म्हणजे प्लाझ्मा अचानक कोसळतो तेव्हाच, ठिपक्यांची झुंबड उडत असेल तर रनअवे (बेफाम वेग घेतलेल्या) इलेक्ट्रॉनांच्या हार्ड, म्हणजे जास्त ऊर्जेच्या, एक्स-रेवर संशय घ्या; गांधीनगरच्या आदित्य-यू टोकामॅकसारख्या यंत्रावर हायड्रोजनच्या शॉटमध्ये मी आधी तेच तपासेन. एक्सपोजर घटवून फार हाती लागत नाही. शटर इलेक्ट्रॉनिक असतं, चार्ज वाचून होईपर्यंत सेन्सर मार खातच राहतो.

शिसं गॅमासाठी. ड्युटेरियमच्या २.४५ एमईव्ही (ऊर्जेचं एकक) न्यूट्रॉनला यंत्राच्या बाजूने बोरॉनयुक्त पॉलिथिलीन हवं आणि शिसं त्याच्या आत, कॅमेऱ्याकडे. पॉलिथिलीनमधला हायड्रोजन न्यूट्रॉन गिळताना २.२ एमईव्हीचा गॅमा सोडतो. क्रम उलटा झाला तर तो अडवायला मध्ये काहीच उरत नाही. जाडी मात्र तुमच्या न्यूट्रॉनिक्सवाल्यांकडून (न्यूट्रॉनचा हिशेब करणाऱ्यांकडून) काढून घ्या, माझ्या भरवशावर नको. माझं विचाराल तर आरसे लावून कॅमेराच लांब न्यावा. इंग्लंडमधल्या जेट टोकामॅकवर डीटी (ड्युटेरियम-ट्रिटियम) मोहिमेसाठी, म्हणजे १४.१ एमईव्हीच्या न्यूट्रॉनसमोर, कॅमेरे जैविक संरक्षक भिंतीबाहेर नेले होते.

झाकण धातूचंच घ्या. काळं प्लास्टिक कधी कधी निअर-इन्फ्रारेड आत सोडतं.