तारखेचा माग काढ

प्रिय मुली,

लेख दोनदा वाचला. ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’ हा मार्व्हलचा सुपरहिरोपट १ मे २०२६ वरून १८ डिसेंबरला गेला म्हणजे स्टुडिओचा धीर सुटला, असं तू सुरुवातीला ठामपणे लिहितेस आणि शेवटी ‘की डिसेंबरवरच जास्त भरवसा आहे?’ असं विचारून थांबतेस. ही घालमेल माझ्या ओळखीची आहे, म्हणून हे पत्र.

तारीख एकटी वाचू नकोस. तिचा माग काढ.

२०१६ मध्ये ‘डेडपूल’ यायच्या आधी मी छापून मोकळा झालो होतो की, उन्हाळा सोडून फेब्रुवारीत आणलेला सुपरहिरो स्टुडिओला नकोसा झालेला असतो. सुमारे ५.८ कोटी डॉलरच्या त्या चित्रपटाने जगभरात ७८ कोटींच्या वर कमावले. मी हवेतून लिहिलं नव्हतं. हॉलिवूडमध्ये वर्षाचे पहिले दोन महिने पडेल मालाचेच मानले जात. पण १२ फेब्रुवारी ही तारीख सप्टेंबर २०१४ मध्येच जाहीर झाली होती आणि तिथून हलली नव्हती. हे मला माहीत होतं. माहीत असून मी फक्त महिना वाचला, ही खंत अजून जात नाही. तरी ‘महिना बघूच नका’ म्हणणाऱ्यांचं मी आजही ऐकत नाही. बघावा, पण एकटा नाही.

‘क्रेव्हन द हंटर’ घे. जानेवारी २०२३, ऑक्टोबर २०२३, ऑगस्ट २०२४, शेवटी १३ डिसेंबर २०२४. चार तारखा दिसल्या की तू लगेच निकाल देशील. अगं, थांब जरा! ऑक्टोबरची तारीख कलाकारांच्या संपात गेली. प्रसिद्धीला नटच मिळणार नव्हते. ते चित्रपटाच्या माथी कसं मारशील? उरलेल्या दोन उड्यांबद्दल विचार. एप्रिल २०१८ चा ‘द न्यू म्युटंट्स’ ऑगस्ट २०२० मध्ये आला. मध्ये तो बनवणारी फॉक्स कंपनी डिस्नेकडे गेली, मग करोना. पण पहिली उडी तो व्यवहार पुरा होण्याच्या वर्षभर आधीची. धीर सुटल्याची खूण तिथे आहे. माग काढल्याशिवाय ती सापडत नाही.

आता तुझा ‘डूम्सडे’. तो सरकला तेव्हा त्याच्या पुढचा ‘सीक्रेट वॉर्स’ही मे २०२७ वरून त्याच वर्षीच्या डिसेंबरात गेला. म्हणजे एक चित्रपट नव्हे, सगळी आखणी हलली. आणि गेला कुठे? ‘ड्यून: पार्ट थ्री’ हा दुसऱ्या स्टुडिओचा मोठा चित्रपट ठरलेल्या त्याच दिवशी! धीर सुटलेला असा समोर जाऊन उभा राहत नाही. मला वाटतं, काम मेपर्यंत नीट होईल याची खात्री नव्हती. चित्रपट चालेल याची होती. तू या दोन्ही गोष्टी ‘भरवसा’ या एकाच शब्दात कोंबल्यास, म्हणून अडकलीस.

पहिला परिच्छेद काढून टाक. तारखांसाठी वही घाल, आणि प्रत्येक तारखेपुढे ती जाहीर कधी झाली तो दिवसही लिही. नवा मसुदा रात्री कितीही उशिरा आला तरी वाचीन.

तुझे सर