‘डामेर्ने’ म्हणजे महिला, स्त्रिया की बायका?

विचारणा अशी आहे: डेन्मार्कच्या ‘आल्ट फॉर डामेर्ने’ या जुन्या साप्ताहिकाच्या नावाचा अर्थ ‘महिलांसाठी सर्व काही’ असा दिलेला वाचला. तो बरोबर आहे का? ‘बायकांसाठी’ म्हटलं तर हलकं वाटेल का?

अर्थ चुकलेला नाही, पण ‘महिला’ हा शब्द तिथे शोभत नाही. आपल्याकडे महिला मंडळात असतात, आयोगात असतात, आरक्षणात असतात. त्या शब्दाला सभेचा वास आहे. डॅनिशमध्ये हे काम ‘क्विने’ हा शब्द करतो. ८ मार्चचा दिवस ‘क्विनें’चा. डॅनिश स्त्री-संघटनेने १८८५ साली सुरू केलेल्या मुखपत्राचं नावही ‘क्विनेन ओ साम्फुनेत’, म्हणजे ‘स्त्री आणि समाज’. मतदानाचा हक्क १९१५ साली मिळाला, त्याच्या कितीतरी आधीपासून ही मंडळी हाच शब्द वापरत होती.

‘डामे’ वेगळ्या घराण्यातला. मूळ लॅटिन ‘डोमिना’, म्हणजे घरची मालकीण. तिथून फ्रेंचमार्गे तो उत्तरेत पोहोचला. आधी खानदानी, मग अदबीचा, आणि वापरून वापरून अगदी रोजचा. कोपनहेगनमध्ये प्रसाधनगृहाच्या दारावर ‘डामेर’ असतं आणि शेजारच्या दारावर ‘हेरेर’. केशकर्तनालय ‘डामे’चं असतं. मधला दांडा खाली असलेली सायकलसुद्धा ‘डामे’चीच. आपण तिला काय म्हणतो? लेडीज सायकल! लोकलचा लेडीज डबा, लेडीज टेलर, लेडीज स्पेशल, हे सगळं जिथे बसतं तिथे ‘डामे’ बसतो. माझ्या मते मराठीत त्याच्या सर्वांत जवळचा शब्द हाच आहे, मग भाषाशुद्धीवाल्यांनी कितीही कपाळाला आठ्या घालोत.

तिसरा शब्द ‘कोने’. त्याचा अर्थ बायको, आणि ‘म्हातारी कोने’ म्हटलं की म्हातारी बाई. आपल्या ‘बायको–बायका’सारखीच ही जोडी आहे: एकवचनात नवऱ्याची, अनेकवचनात कोणाचीच नाही. त्यामुळे शब्दाला शब्द लावायचा तर ‘बायका’ हा ‘कोने’चा वाटा. पण नुसता शब्द लावून भागत नाही, सूरही पाहावा लागतो.

तो सूर कळायला थोडं मागे जावं लागेल. डेन्मार्कची जुनी साप्ताहिकं घराच्या नावाने निघत. कार्ल आलर यांनी १८७७ साली काढलेल्या साप्ताहिकाच्या नावात ‘फॅमिली’ होती. दुसऱ्या एका लोकप्रिय साप्ताहिकाचं नावच ‘येमेत’, म्हणजे ‘घर’. ‘आल्ट फॉर डामेर्ने’ १९४६ साली निघालं, महायुद्ध संपून जर्मन फौजा जाऊन वर्षच झालं होतं. या नावात घरही नाही, कुटुंबही नाही. फॅशन, पाककृती, सौंदर्य, कथा, सल्ला असा सगळा मजकूर, आणि तो ‘डामें’साठी. नॉर्वेच्या राजाचं ब्रीद ‘आल्ट फॉर नॉर्गे’ (सारं काही नॉर्वेसाठी) असं होतं. तीच ऐटदार घडण इथे बायकांच्या पुढ्यात लवून उभी आहे. शिवाय डॅनिशमध्ये ‘आल्ट फॉर’ याचा ‘फारच, जरुरीपेक्षा जास्त’ असाही अर्थ होतो, त्यामुळे थट्टेखोरांची सोय झालेली आहेच.

‘डामे’च्या याच सजवलेपणावर पुढे हल्ला झाला. ‘लाल मोजेवाल्या’ म्हणून ओळखल्या गेलेल्या चळवळीतल्या बायका १९७० च्या एप्रिलमध्ये कोपनहेगनच्या स्ट्रोय या बाजाररस्त्यावरून मुद्दाम भडक नटूनथटून चालत गेल्या आणि शेवटी ती सजावट त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली. अशा साप्ताहिकांना ‘डामेब्लाड’ म्हणताना नाक किंचित मुरडायची पद्धतही आहे. आपणही ‘बायकांचं मासिक’ हे शब्द अगदी त्याच स्वरात उच्चारतो.

तेव्हा माझं मत: लेखात मूळ नावच ठेवावं आणि पहिल्या उल्लेखापाशी अर्थ द्यावा, ‘बायकांसाठी सारं काही’. ‘स्त्रियांसाठी’ही चालेल, किर्लोस्करांनी १९३० साली मासिकाला ‘स्त्री’ हे नाव दिल्यापासून त्या शब्दाला मासिकाच्या मुखपृष्ठाची सवय आहे. मात्र त्यात ती लवून केलेली अदब येत नाही.

एक छोटी गोष्ट राहिली. शेवटचं ‘-ने’ आपल्या तृतीयेचं नव्हे. डॅनिशमध्ये निश्चितवाचक प्रत्यय नामाच्या शेपटाला लागतो: डामे, डामेन, डामेर, डामेर्ने. त्यामुळे ‘डामेर्नेसाठी’ लिहू नये. ‘फॉर’मध्ये ‘साठी’ आधीच आलेलं आहे.