सिव्हिल सोडायची घाई नको

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या वर्षी गंभीर संसर्गासाठी तिला जेंटामायसिनची इंजेक्शनं द्यावी लागली. तेव्हापासून दोन्ही कानांतली तोल सांभाळणारी यंत्रणा निकामी झाली आहे. ऐकू नीट येतं, पण चालताना सगळं हलताना दिसतं, अंधारात झोक जातो. कॉलेज सोडून तिने घरी बँकेच्या परीक्षांची तयारी करावी असं मला वाटतं. तिला ते पटत नाही. – एक वडील, कोथरूड

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे, पण या वादात मी मुलीच्या बाजूने आहे. शाखा तीच राहू द्या, शाखेतलं काम निवडून घ्या. बँकेतही रोज जावं-यावं लागतं, बदल्या होतात. म्हणजे तिची अडचण तिथेही सोबत असणारच.

डोकं हललं की आतला कान डोळ्यांना तितकंच उलट फिरवतो, म्हणून नजर स्थिर राहते. तिच्या कानांचं हे काम थांबलंय. त्यामुळे लक्ष्मी रोडवर चालता चालता तिला पाट्या वाचता येत नसतील. उभी राहिली की येत असतील. तोल आता डोळ्यांच्या आणि पायांच्या भरवशावर आहे. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिन धरावं लागतं, ते यामुळेच. तोल सांभाळण्यातच लक्ष खर्च होतं, म्हणून ती लवकर थकते. हा आळस नव्हे, हे घरात सगळ्यांना सांगा.

परांचीवर चढणं, उघड्या स्लॅबच्या कडेला उभं राहणं, रात्रीचं काँक्रिटिंग हे मात्र वगळाच. स्ट्रक्चरल डिझाईन, एस्टिमेशन, प्लॅनिंग ही कामं टेबलावरची आहेत आणि त्यांत चांगलं करिअर होतं. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला एक डोळा मिटून, वाकून ऑटो लेव्हलमधून (उंचसखलपणा मोजायच्या दुर्बिणीतून) बघताना ती डगमगेल. तिने रीडिंग लिहून घ्यावीत, हिशेब करावा. लेव्हलवर दुसऱ्याने उभं राहावं. डॉक्टरांचं पत्र घेऊन विभागप्रमुखांना आत्ताच भेटा. अपंग हक्क कायदा, 2016 मधल्या 21 प्रकारांत या त्रासाचा वेगळा उल्लेख नाही, त्यामुळे आरक्षण धरून बेत आखू नका.

तोलाचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट गाठा. गेलेलं बहुतेक परत येत नाही, पण मेंदू डोळ्यांवर आणि पायांवर जास्त विसंबायला शिकतो. त्याला महिने लागतात आणि व्यायाम रोज करावे लागतात. चक्करच्या गोळ्या चालू असतील तर किती दिवस घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारा; त्यांतल्या काही जास्त दिवस घेतल्या तर मेंदूचं हे शिकणं मंदावतं. जेंटामायसिनने काय झालं ते फाईलच्या पहिल्या पानावर लिहा, पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ते दिसलं पाहिजे. एकटीने पोहणं नको, पाण्याखाली वर कुठे हे कळेनासं होऊ शकतं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्कूटीही नको. वनाजहून मेट्रो आहे, ती सोयीची पडेल.

येत्या सुट्टीत तिला एखाद्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात इंटर्नशिपला पाठवा. तिथे दिवसभर स्क्रीनसमोर बसणं झेपतं का, ते तिचं तिला कळेल. कॉलेजचा निर्णय त्यानंतर, आणि तिच्याशी बोलूनच घ्या.